पिठातल्या बाटल्या

"शी इज जस्ट अवर मेड. वी डोन्ट नो एनिथिंग."

फोन स्पीकरवर होता. बोलत होत्या आमच्या वहिनी, इथल्याच, आखातातल्या झिंज भागातल्या फ्लॅटमधून. ऐकत होती विमानतळावरची कस्टमची बाई, तिच्या शेजारचा पोलीस आणि मी. मला इंग्रजी फार येत नाही, पण 'मेड' कळतं. अकरा वर्षं त्यांच्याकडे तेच तर काम करते.

टेबलावर माझा भाजणीचा डबा उपडा केलेला. पीठच पीठ. त्यात खोकल्याच्या औषधाच्या तीन काचेच्या बाटल्या. मागच्या रांगेतली माणसं माना उंचावून बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कस्टमच्या बाईला हिंदी येत होतं. तिने विचारलं, "छुपाया क्यूं?"

"छुपाया नहीं मॅडम. टूटेगा इसलिए."

तिने नुसतं पोलिसाकडे बघितलं.

तिला कळलं नाही, तुम्हाला सांगते. आमच्या गावाकडे, संगमेश्वरला, फुटणारी वस्तू पिठात नाहीतर तांदळात ठेवतात. माहेराहून अंडी आणायची तर तांदळाच्या डब्यातून. काचेच्या बांगड्या भाताच्या तुसातून. माझी आई तसंच करायची, मीही तसंच करते. सुट्टीवरून परत येताना ठाण्याला वहिनींच्या आईने या बाटल्या माझ्या हातात दिल्या. "आजोबांचं औषध आहे. तिकडे मिळत नाही. नीट ने गं, फोडू नकोस." आजोबा म्हणजे साहेबांचे, वहिनींच्या नवऱ्याचे, वडील, इथेच राहतात. डॉक्टरची चिठ्ठी नाही, खोके नाहीत. खोके जागा खातात म्हणून त्यांनीच काढून टाकले. मी काही विचारलं नाही. अहो, विचारायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं. इथे येणारं प्रत्येक माणूस कुणाचं ना कुणाचं पार्सल आणतं. कुणाचे लाडू, कुणाचा मसाला, कुणाच्या गोळ्या. नाही म्हटलं तर लगेच शिष्ट ठरतो आपण.

त्या औषधात नशेचं काहीतरी असतं म्हणे. चिठ्ठीशिवाय इथे आणलं की गुन्हा. कायदा वाईट आहे असं मी म्हणत नाही. असल्याच रिकाम्या बाटल्या आमच्या गावात शाळेमागे पडलेल्या असतात, बघितल्यात मी. पण कायद्याला माझा हात दिसतो. त्या हातात बाटली ठेवली कुणी, ते त्याला कुणीतरी सांगावं लागतं. सांगू शकणारी एकच बाई होती, ती फोनवर होती, आणि तिने हात वर केले.

चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि इथे चोर तरी कोण? एक खोकणारा म्हातारा!

पाच दिवस मी आत होते. कुणी मारलं नाही, खोटं कशाला बोलू. शेजारच्या बाईची भाषा मला कळत नव्हती, तरी तिने तिचा अर्धा चहा मला दिला. मला लाज कशाची वाटते सांगू? चौथ्या दिवसापर्यंत मी वाट बघत होते. वहिनी घाबरल्या असतील, येतील, सांगतील सगळं. त्यांच्या दोन्ही पोरांना मी भरवून मोठं केलं. गणपतीत येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला वहिनी सांगायच्या, "मावशी आमच्या घरातल्याच आहेत." मी ते खरं धरून बसले. मूर्ख कुठली!

शेवटी साहेब आले, हमीच्या कागदावर सही करून मला घेऊन गेले. केस उभी राहणार. तोवर पासपोर्ट सरकारजमा, देश सोडायचा नाही. माझा व्हिसा साहेबांच्या नावावर. मी जाणार कुठे? इथेच सलमाबादला माझा चुलत भाऊ आहे, त्याच्या एका खोलीत आठ पुरुष झोपतात. म्हणून परत त्याच फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघरामागच्या त्याच खोलीत आले.

वहिनींनी स्वतः पाणी आणून दिलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. मग कागद पुढे केला.

"मावशी, फक्त सही करा. तुमच्या खोकल्यासाठी आणलं, एवढंच लिहिलंय."

"मला कुठे खोकला आहे?"

"अहो, तुम्हाला फार तर परत पाठवतील. आमचं तसं नाही ना. ह्यांची नोकरी, मुलांची शाळा, सगळं खलास होईल. समजून घ्या. तुम्ही घरातल्याच आहात."

तेवढ्यात आतून आजोबा खोकले. बराच वेळ खोकले. साहेब, वहिनी आणि मी, तिघंही खाली बघत बसलो.

म्हणे परत पाठवतील! त्याच्या आधी तुरुंग असतो, तेवढं वहिनींनी बरोबर गाळलं. माझी मुलगी रत्नागिरीत नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिची आई नशेच्या औषधात पकडली गेली, हे तिच्या मागे जन्मभर लागणार.

मी काही धीराची नाही. पेन हातात घेतलं होतं मी. कागद सगळा इंग्रजी. माझं नाव ओळखलं, आणि नावापुढचा एक शब्द ओळखला, तो माझ्या व्हिसावरही असतो. मेड. तेवढ्याने डोकं फिरलं माझं. पेन खाली ठेवलं.

"वहिनी, फोनवर मी मेड. कागदावर मेड. मग सही पाहिजे तेव्हाच मावशी कशी होते? आजपासून मला मावशी म्हणू नका."

"डोकं फिरलंय का तुझं?" लगेच अहो-जाहो संपलं.

"सही करणार नाही."

साहेब उठून गॅलरीत गेले.

त्यानंतरही यांच्या चपात्या मीच लाटते. लाटू नको तर काय करू? मी आत लाटते आणि बाहेर दिवाणखान्यात माझ्याविरुद्ध काय बोलायचं ते इंग्रजीत ठरतं. रोज सकाळी तो कागद ओट्यावर असतो, वर पेन. मी उचलून फ्रिजवर ठेवते.

एकदा आजोबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "मला सगळं माहीत आहे गं. पण मी काय बोलणार? मुलाच्या जिवावर राहतो."

आलं-गुळाचा काढा केला होता, तो त्यांच्या हातात दिला. "गप्पच बसायचं असेल आजोबा, तर मग खोकलाही आवरा." बोलून गेले मी. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतला नाही.

मंगळवारी तारीख आहे. हिंदीचा दुभाषी देणार आहेत. हिंदी तर हिंदी. माझ्याकडे साक्षीदार नाही, पुरावा नाही. वहिनींची आई फोन उचलत नाही. साहेबांचं इंग्रजी चांगलं आहे, कोट चांगला आहे. मी सुटेन असं मला वाटत नाही. पण बाटल्या कुणी दिल्या, कुणासाठी दिल्या, पिठात का ठेवल्या, हे मी नावं घेऊन सांगणार. अंड्यांपासून सुरुवात करणार. शिक्षा व्हायचीच असेल तर माझ्या खऱ्यावर होऊ दे. यांच्या खोट्यावर मी एक दिवसही आत बसणार नाही.

आज सकाळी वहिनींनी विचारलं, "मंगळवारी मुलांच्या डब्याला काय करणार आहेस?"

मी फ्रिजवरचा कागद काढला. चार तुकडे केले आणि भाजीच्या देठांबरोबर कचऱ्यात टाकले.

"मंगळवारचे डबे तुम्ही करा," मी म्हटलं. "मी कोर्टात आहे."