मेंढ्याचा ठसा

लाकडावर चित्र कोरायला मी पुण्यात शिकले. वडील वालचंदनगरच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि आम्ही अंथुर्ण्याला घर बांधलं. बारीक कोरण्या इकडं मिळेनात, तेव्हा वडिलांनी जुन्या कानशी घासून त्या करून दिल्या. बाभळीचं लाकूड आडवं कापून गुळगुळीत करायचं, चित्रात पांढरं हवं तेवढं कोरून काढायचं, उरलेल्यावर शाई लावून कागदावर छाप घ्यायचा.

शेजारच्या आबांनी जन्मभर मेंढरं राखली. मुलगा उसात गुंतल्यावर त्यांनी कळप विकला, एक म्हातारा मेंढा तेवढा ठेवला. एकदा मला म्हणाले, "पोरी, ह्याचं चित्र काढ. आता लई दिस ऱ्हायचा न्हाय ह्यो."

त्यांच्या गोठ्यात बसून मी मेंढा काढला, मग घरी येऊन कोरत राहिले. माझं काम संपायच्या आतच तो गेला.

पहिला छाप घेऊन मी आबांकडं गेले. त्यांनी कागद उजेडाला धरला, डोळ्यांजवळ नेला, लांब केला. मोतीबिंदू पिकला होता.

"मला काय दिसंना, पोरी."

पिशवीत कोरलेला लाकडी ठसाही होता. मी तो त्यांच्या हातात दिला. त्यांचा अंगठा शिंगाच्या वळणावरून फिरत मानेवर आला आणि तिथंच थांबला.

"हितं लोकर आखूड हुती त्याची," ते म्हणाले. "घंटी घासायची."

मला घंटीचं ठाऊक नव्हतं. दिसलं तसं मी कोरलं होतं.

बराच वेळ त्यांनी ठसा सोडला नाही. बारामतीच्या प्रदर्शनासाठी मला त्यावरून अजून छाप काढायचे होते. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे ह्यो माझ्यापाशी." मी बरं म्हणाले.

घरी आल्यावर वडिलांनी विचारलं, "आणि आता छापणार कशावरून?"

"एक छाप आहे की," मी म्हणाले.

दिवाळीच्या पाडव्याला धनगरवाड्यात मेंढरं ओवाळतात. आबांच्या सुनेनं मला बोलावलं. पाटावर ठसा मांडला होता, तेल आणि हळदकुंकू माखलेला. लोकरीसाठी मारलेली एकेक रेघ बुजून गेली होती.

माझा चेहरा पाहून सून म्हणाली, "ताई, आमचं काय चुकलं का?"

"नाही," मी म्हणाले आणि ताटातलं चिमूटभर कुंकू घेऊन मेंढ्याच्या कपाळाला लावलं.