आमच्या पोस्टाची चौकशी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. कारण हा किस्सा सांगायला लागले की मध्येच मलाच हसू फुटतं आणि शेवट तसाच राहून जातो. चहा घेतलात ना? घ्या, गवती चहा वाडीतलाच आहे.

तर झालं असं, की माझ्या एकुलत्या एक मुलीचं जमत आलेलं लग्न मी स्वतःच्या हाताने मोडायला घेतलं होतं. रागाच्या भरात वगैरे नाही हं! शांत डोक्याने, योजना आखून, सगळ्या गावाला कामाला लावून. वैऱ्यालाही इतकं नीट जमलं नसतं.

थांबा, मुळापासून सांगते.

आमचं गाव डहाणूकडचं, वरोरच्या अलीकडे, समुद्राच्या कडेला. घर आत वाडीत, आणि माझं शिवणाचं दुकान रस्त्यावर. दुकानासमोर आमचं पोस्ट. पोस्ट म्हणजे काय, पंचायतीची एक जुनी खोली, एक टेबल, एक लोखंडी कपाट आणि बाहेर लाल पेटी. पण त्या टेबलामागे पोस्टमास्तर म्हणून कोण बसतं? माझी हेतल! दहावीच्या मार्कांवर लागली. पगाराचं विचारू नका, पण खुर्ची आहे हो! पाड्यावरच्या म्हाताऱ्या अंगठा लावून पेन्शन घेऊन जातात, बायका आरडी भरतात, रजिस्टरचं पाकीट आलं की त्यात काय लिहिलंय तेसुद्धा तिच्याकडूनच वाचून घेतात. कपड्याला काजं करता करता मी समोर बघायचे आणि माझं मन भरून यायचं.

आणि एके दिवशी भरतभाईने बातमी आणली.

भरतभाई म्हणजे माझ्या शेजारचा किराणावाला. घरात गुजराती, गल्ल्यावर मराठी, आणि वाद घालताना दोन्ही. मोबाईल नाकाशी धरून त्याने वाचून दाखवलं की टपाल खात्याचा काही भाग खासगी कंपन्यांना द्यावा की नको, यावर मोठी चर्चा चालू आहे.

"देऊन टाका ना बेन!" तो म्हणाला. "खासगी झालं की सर्विस एकदम फास्ट."

"फास्ट? तुझ्या सुनेचा मिक्सर कुठे येऊन बसला होता?"

"...डहाणूला."

"आणि कुरियरवाला फोनवर काय म्हणाला? 'काका, तुमचं गाव आमच्या एरियात येत नाही, येऊन घेऊन जा.' गेलास की नाही रिक्षा करून?"

"ते जाऊ दे. पण तुमच्या पोस्टात जावं तेव्हा रेंज नाही, रेंज नाही!"

आता हे खरं होतं. हेतल बिचारी ते अंगठा घ्यायचं मशीन घेऊन पोस्टामागच्या बांधावर चढते, रेंज आली की तिथूनच "आजी, अंगठा!" म्हणून ओरडते, आणि आजी बांध चढेपर्यंत रेंज गेलेली असते. इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसणं आमच्या माहेरी कुणाला शिकवलेलंच नाही.

"अरे, सगळं कुठे देणार आहेत? थोडाच भाग," भरतभाई मला समजावत होता.

"तेच तर म्हणते! चिकूचा गर कंपनी खाणार आणि बिया सरकारच्या हातावर काढून ठेवणार. शहरातली पार्सलं त्यांना हवीत. पाड्यावरच्या म्हातारीचा अंगठा घ्यायला कोण येईल? मग म्हणतील, ही असली छोटी पोस्टं परवडत नाहीत, लावा कुलूप!"

कुलूप लागलं तर हेतलच्या खुर्चीचं काय, एवढंच मला दिसत होतं.

जयवंतीमावशी ब्लाउजाचं माप द्यायला आली होती. मासळी विकून विकून तिचा आवाज असा झालाय की कुजबुजली तरी समुद्रात ऐकू जातं. ती म्हणाली, "घेनारे येतील तर पयले बगायला येतील. बगितल्याबिगर कोन काय घेत नाय."

आणि तिथेच माझ्या डोक्यात दिवा लागला. विझलेलाच राहिला असता तर बरं झालं असतं!

तुम्हाला आमचा पट्टा माहीत आहे. बंदर म्हणा, रस्ता म्हणा, रेल्वे म्हणा, आमच्याकडे कुणी ना कुणी बघायला, मोजायला येतच असतं. अनोळखी माणूस फोटो काढताना दिसला की बाया टोपल्या खाली ठेवून आधी त्याला गाठतात. आमची पोरंबाळंसुद्धा पाहुण्याला 'काका, मोजणीला आलात का?' असं विचारतात. त्यामुळे गावाला सवय आहे.

"पण या वेळी रस्त्यावर बसायचं नाही," मी म्हणाले. "आपण भांडलो की त्यांना वाटतं इथे काहीतरी माल आहे. या वेळी उलटं करायचं. कुणी विचारायला आलं की सांगायचं, आमचं पोस्ट भंगार आहे. कुणी जात नाही, काम होत नाही, पोस्टमास्तर तर विचारूच नका! ऐकूनच माणूस पळाला पाहिजे."

"पन हेतल तुजी पोरगी हाय ना?" मावशीने विचारलं.

"म्हणून काय झालं? तिच्याच भल्यासाठी आहे."

भरतभाईसुद्धा तयार झाला. वाद वेगळा आणि गाव वेगळं, म्हणाला. संध्याकाळपर्यंत निरोप कोळीवाड्यापासून पाड्यापर्यंत पोचला. हेतलला मात्र मी काही सांगितलं नाही. ती सरळ पोरगी, तिला खोटं बोलता येत नाही. बापावर गेलीय.

याच आठवड्यात आमच्याकडे दुसरी एक गडबड होती. डहाणूच्या माझ्या नणंदेने हेतलसाठी स्थळ आणलं होतं. माणसं मूळची झाईची, पण आता तलासरीला घर बांधून राहतात. मुलगा हद्दीपलीकडे, गुजरातेत उंबरगावला कारखान्यात. फोटो आला होता तो मुलाचा, आईबापांना आम्ही पाहिलेलं नव्हतं. दोघं फोनवर बोलली होती, आणि फोन ठेवल्यावर हेतल उगीचच अंगण झाडायला लागली होती. झाडलेलंच अंगण! मी ओळखलं. रविवारी माणसं बघायला येणार होती.

आणि बुधवारी पोस्टासमोर पांढरी गाडी येऊन उभी राहिली. गुजरात पासिंग!

आतून एक गृहस्थ उतरले. चष्मा, कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. आधी त्यांनी पोस्टाच्या पाटीचा फोटो काढला. मग खिडकीतून आत डोकावले. मग चक्क रांगेत जाऊन उभे राहिले, हेतलशी काहीतरी बोलले, बाहेर आले आणि समोरच्या झाडाखाली उभं राहून बघतच बसले. आता तुम्हीच सांगा, भल्या माणसाला आमच्या पोस्टात इतकं बघण्यासारखं काय आहे?

मी मशीनचं पायडल थांबवलं आणि भरतभाईला डोळ्यांनी खूण केली.

ते गृहस्थ आधी त्याच्याच दुकानात गेले. मधली भिंत पत्र्याची, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

"पोस्ट कसं चालतं हो तुमच्या गावात?"

"चालतं? कोण जातंय तिथे!" भरतभाई म्हणाला.

"मग ही एवढी रांग?"

"ही? ही सावलीला उभी आहेत."

वा रे माझ्या पठ्ठ्या! मी मनातल्या मनात टाळी दिली.

"आणि ती पोस्टमास्तर मुलगी? कामाला कशी आहे?"

"दुपारपर्यंत झोपते साहेब. टेबलावर डोकं ठेवून. घोरते पण."

घोरते वगैरे मी सांगितलं नव्हतं हं. ते त्याचं स्वतःचं.

पुढे त्यांना जयवंतीमावशी भेटली. तिने तर कमालच केली. म्हणाली, माझ्या भनीची राखी आली ती त्या पोरीने चुलीत घातली. मावशीची बहीण शेजारच्याच घरात राहते, आणि बहीण बहिणीला राखी पाठवेलच कशाला, तीही पोस्टाने? पण ते त्या बिचाऱ्यांना काय माहीत! ते नुसते चष्मा पुसत राहिले.

शेवटी ते माझ्या दुकानात आले. पाणी मागितलं. मी दिलं.

"ताई, तुम्ही इथल्याच ना? खरं सांगा. ती पोस्टातली मुलगी कशी आहे?"

समोर खिडकीतून हेतल दिसत होती, एका म्हातारीचं बोट रुमालाने पुसून परत मशीनवर टेकवत होती. पण आता माघार घेतली तर पोस्ट गेलं! मनावर दगड ठेवला आणि म्हणाले, "नाव काढू नका. आळशी. हिशोब येत नाही. माणसांवर वसकन ओरडते."

"असं? आणि घरची माणसं कशी आहेत?"

आता तुम्ही म्हणाल, कंपनीच्या माणसाला पोरीच्या घरच्यांशी काय करायचं? हाच प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. पण माणूस एकदा हुशारी करायला लागला की त्याला प्रश्न पडायचे बंद होतात. मला वाटलं, पोस्ट घेतलं तर विरोध कोण करेल याचा हा अंदाज घेतोय. मग म्हटलं, चला, याला जरा घाबरवूया.

"बाप गरीब गाय आहे," मी म्हणाले. "पण आई! तिच्या वाटेला जाऊ नका. महा भांडकुदळ बाई. दुसऱ्याला बोलू म्हणून देत नाही. सगळ्या गावाला बोटावर नाचवते. मागे एक मोजणीवाला आला होता, त्याचा टेप ओढून घेतला आणि त्याच टेपने त्याचीच मापं काढली! तिच्या पोरीला कुणी हात लावला ना, तर ती त्या माणसाला सुखाने जगू द्यायची नाही."

गृहस्थांनी पेला अर्धाच खाली ठेवला. "बरं झालं आधी विचारलं," एवढंच म्हणाले आणि गाडीत बसून निघून गेले.

काय आनंद झाला म्हणून सांगू! भरतभाईने सगळ्यांना लिमलेटच्या गोळ्या वाटल्या. फुकट! ही आमच्या गावात बातमीच म्हणायची.

संध्याकाळी हेतल घरी आली. हातपाय धुता धुता म्हणाली, "आई, आज एक काका आले होते पोस्टात. किती छान बोलले! आपला नंबर आला तर मागच्या आजीला पुढे केलं. तलासरीहून आलो म्हणाले."

तलासरी.

माझ्या हातातली भाकरी तव्यावर पडली ती आडवीतिडवी. आणि तेवढ्यात नणंदेचा फोन.

"वहिनी, ऐक ना. मुलाचे वडील म्हणे आज गुपचूप तुमच्या गावात चौकशी करून गेले. पण घरी आल्यापासून कुणाशी बोललेच नाहीत. काही झालं का गं तिकडे?"

काही झालं का! आपल्याकडे मुलगी बघायच्या आधी कुणीतरी येऊन गावात चार ठिकाणी विचारून जातं, ही रीत मला काय माहीत नव्हती? माझ्या भावाच्या वेळी मी स्वतः पापड विकायला आले असं सांगून मुलीच्या गावात फिरले होते!

नणंदेला फोनवरच सगळं कबूल केलं, आणि हेतललाही सांगावंच लागलं. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, "मी घोरते?" आणि आत जाऊन बसली. माझा जीव असा तुटला की काय सांगू. आमचे हे, म्हणजे हेतलचे बाबा, वर्षातून दोन वेळा बोलतात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यातली एक वेळसुद्धा माझ्यावर खर्च केली नाही.

पुढचे दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. तलासरीला फोन करायचा धीर होईना. भरतभाई म्हणाला, "बेन, माफीचं पत्र टाका." मी म्हटलं, कुठून टाकू, तूच सांग. पोस्टातून टाकलं तर ते हेतलच्या हातात जाणार, आणि कुरियरवाला तर आमच्या गावात येतच नाही! बघा, चर्चा फिरून तिथेच. तिकडे मोठी माणसं काय ठरवतील ते ठरवोत, आमची चर्चा काही संपत नाही.

रविवारी माणसं येतील की नाही याचा पत्ता नव्हता. तरी मी पोहे भिजवले. आणि पांढरी गाडी आली की हो!

मी स्वयंपाकघरात शिरले ती बाहेर यायलाच तयार नाही. नणंदेने पोहे नेले, हेतल जाऊन बसली. मुलगा होता, त्याची आई होती. आणि मग तो आवाज आला, "मुलीच्या आई कुठे आहेत? त्यांना बोलवा ना."

पदर कपाळापर्यंत ओढला, चहाचा ट्रे तोंडासमोर धरला आणि बाहेर आले. पण ट्रे कधीतरी खाली ठेवावाच लागतो! त्यांनी पाहिलं. चष्मा काढला, पुसला, परत पाहिलं.

मी जमिनीकडे बघत होते. म्हटलं, धरणीमाते, तुला जागा करायची तर आत्ताच कर.

"त्या दिवशी घरी जाऊन मी फार विचार केला," ते शांतपणे म्हणाले. "गाव म्हणतं पोस्टात कुणी जात नाही, आणि मी स्वतः रांगेत उभा होतो. म्हणतात मुलगी झोपते, तर मला ती बांधावर चढताना आणि उतरतानाच दिसली. माणसांवर ओरडते म्हणे, आणि तिने माझ्यादेखत त्या आजीचं बोट पुसून दिलं. एवढं सगळं गाव एका सुरात खोटं बोलतंय, म्हणजे काहीतरी भानगड असणार. मग तुमच्या नणंदबाईंनी फोनवर सगळं सांगितलं." ते हसले. "आम्हाला मुलगी पसंत आहे. गावात जे जे ऐकलं ते सगळं खोटं निघालं."

हेतलने मान खाली घातली, पण तिचे कान लाल झालेले मला दिसले. डोळे भरून आले हो माझे!

त्यांनी चहाचा कप उचलला. "एक गोष्ट मात्र अजून तपासायची राहिलीय. मुलीच्या आईबद्दल कुणीतरी बरंच काही सांगितलं होतं."

मी तोंड उघडलं. पण आमचे हे माझ्याआधी बोलले. पोह्यांची बशी खाली ठेवली, घसा खाकरला आणि भर बैठकीत स्पष्ट आवाजात म्हणाले,

"ते तपासायला नको. ते खरं आहे."