सालकिन एजेंचा उमेदवार

सालकिन एजेंनी कोचकोर खोऱ्यातल्या गावच्या शाळेत उभा जन्म किरगीझ भाषा शिकवण्यात घालवला. एजे म्हणजे थोरली बहीण. पण वयानं मोठी माणसंही त्यांना एजेच म्हणत आणि त्यांच्यासमोर जीभ सांभाळून बोलत. बाजारात कुणी अर्धं रशियन, अर्धं किरगीझ बोललं, की त्या पिशवी खाली ठेवून म्हणत, "आता हेच एका भाषेत सांग, मग भाव ठरवू."

त्या उन्हाळ्यात मेदेर इसाकोव त्यांच्या दारात येऊन उभा राहिला. राजधानी बिश्केकमध्ये वाढलेला, दुधाच्या कारखान्याचा मालक, आणि आता राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार. पण उमेदवाराला आधी किरगीझची परीक्षा द्यावी लागते, आणि याला ख्यालीखुशालीपलीकडे काही बोलता येत नव्हतं.

"शहरात शिक्षक मिळेनात का?" एजेंनी रशियनमध्ये विचारलं.

"मिळाले की. पण ते मला साहेब म्हणतात आणि माझ्या चुकाच काढत नाहीत."

एजेंना हसू आलं. "इथं ती काळजी नको. आत ये."

सफरचंदाच्या झाडाखाली शिकवणी सुरू झाली. एजे त्याला शाळेतल्या पोरासारखं झापत. एकदा वाचता वाचता तो थांबला. म्हणाला, "माझ्या आजोबांना रशियन येत नव्हतं. जग सोडून जाताना माझा हात धरून किती वेळ बोलत होते. मला एक अक्षर कळलं नाही, एजे."

एजेंनी त्याच्या पुढ्यातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाल्या, "हे लोकांना सांग. निम्म्या देशाच्या नातवंडांची हीच कथा आहे. बाकी भाषणं राहू देत."

त्यांनी त्याला घरोघरी नेलं. अंगणात एवढीशी पोरं त्याचे उच्चार सुधारत, बायका त्याला नवे शब्द शिकवत. एका मेजवानीत त्याला म्हणायचं होतं, मटण फार छान झालंय. 'एत' म्हणजे मांस आणि 'आत' म्हणजे घोडा. गड्यानं यजमान असानालीला सांगितलं, "तुमचा घोडा फार चविष्ट आहे!"

"असेल बाळा," म्हातारा असानाली म्हणाला, "पण आज मेंढी शिजलीय!"

सगळे पोट धरधरून हसले, मेदेर सगळ्यांत जास्त. त्या दिवशी तो गावाचा झाला. परीक्षेत पास झाल्याची बातमी आली, तेव्हा असानालीनं पुन्हा एक मेंढी कापली. एजे मेदेरचं प्रचाराचं चित्र घेऊन दारोदार फिरल्या. त्यांनी कधी कुणासाठी मत मागितलं नव्हतं. "हा शिकणारा माणूस आहे," एवढंच सांगत.

टीव्हीवर उमेदवारांचा वादविवाद होता, तेव्हा अर्धं गाव शेजारच्या जुमागुलच्या घरी जमलं. विरोधकानं डिवचलं, "खुर्ची दिसली तेव्हा भाषा आठवली होय? कोचकोरात कुणा म्हातारीकडे शिकवणी लावली होती म्हणे!"

आता सांगेल आजोबांचं, म्हणून एजे पुढे सरकून बसल्या.

"साफ खोटं," मेदेर म्हणाला. "किरगीझ मी आईच्या दुधाबरोबर प्यालोय. मला कुणी शिकवायची गरज पडली नाही. त्या बाईंना मी ओळखतही नाही. असल्या म्हाताऱ्यांना बोलायला कोण लावतं, ते तुम्हालाच माहीत."

सगळं अस्खलित किरगीझमध्ये बोलला. एजेंनी सवयीनं कान दिला होता. एकही चूक सापडली नाही.

जुमागुलनं टीव्ही बंद केला. "शिकला मात्र छान हो, एजे," मागून कुणीतरी म्हणालं. एजेंनी डोक्याचा रुमाल नीट केला आणि घरी गेल्या.

त्यांना कुणी बोल लावला नाही. पण ज्या दारांवर त्यांनी स्वतःच्या हातानं चित्र लावलं होतं, तिथून ते एकेक करून उतरलेलं त्यांना दिसत होतं. असानालीनं आपल्याकडचं खुराड्याच्या भोकाला ठोकलं. "मलाही ओळखत नसेल तो," म्हणाला, "माझ्या मेंढीची चव मात्र ओळखेल." खोऱ्याबाहेर नांदणाऱ्या लेकीसुनांना फोन गेले, आणि गोष्ट डोंगरापलीकडे पोचली. शहरातून वार्ताहर आला, तेव्हा एजे म्हणाल्या, "मी पुष्कळांना शिकवलं. कुणाकुणाला लक्षात ठेवू?" मतदानाला गेल्या आणि 'सर्वांच्या विरोधात' यावर खूण करून आल्या.

मेदेर पडला. कोचकोर खोऱ्यातही पडला. जाणत्यांनी वर्तमानपत्रांत कारणं दिली: दक्षिणेची मतं फुटली, प्रचार उशिरा सुरू झाला.

काही दिवसांनी एजे परसात बटाटे काढत होत्या. फाटकाशी गाडी थांबली. हातात मिठाईचा डबा घेऊन मेदेर आला. एजेंनी त्याला आत बसवलं. दारी आलेल्याला चहा आणि भाकर द्यायचीच, ती दिली.

"एजे," तो किरगीझमध्ये म्हणाला, "सल्लागारांनी सांगितलं होतं, मोठेपणी भाषा शिकलेला राष्ट्राध्यक्ष लोकांना चालणार नाही. मी ऐकलं. पण तुमच्या गावानंही मला पाडावं?"

एजेंनी रशियनमध्ये उत्तर दिलं. "चहा घ्या, गार होतोय."

"मला 'घ्या' म्हणता?"

"आपली ओळख नाही ना."

त्याची मान खाली गेली. "चुकलो मी. पण किरगीझमध्ये तरी बोला."

"तुम्हाला येत नव्हतं, तेव्हा इथं कुणी नाक मुरडलं नाही," एजे रशियनमध्येच म्हणाल्या. "तुमच्या प्रत्येक शब्दावर या गावाचा हात फिरला होता. त्याचीच तुम्हाला लाज वाटली. आणि मी दारोदार जाऊन सांगत होते, हा आपला माणूस आहे."

चहा अर्धा टाकून तो उठला. गाडी गेल्यावर जुमागुल कुंपणाशी आली. "तोच ना गं? काय म्हणत होता?"

"का पडलो, विचारत होता."

"आणि हा डबा?"

"पोरांना वाटून टाक," एजे म्हणाल्या आणि पुन्हा बटाट्यांच्या ओळीत जाऊन बसल्या. बराच वेळ त्यांना फावडं उचलवेना.