कालिंदीवहिनीचा चुडा

आमची कालिंदीवहिनी हल्ली कलकत्त्याच्या बेहाला भागातल्या एका क्लबात मुलींना टेनिस शिकवते आणि कुणी आळस केला की मराठी, बंगाली, इंग्रजी अशा तिन्ही भाषांत तिचा खरपूस समाचार घेते. खांद्यानं दगा दिला म्हणून तिनं गेल्या वर्षी खेळणं सोडलं. त्याआधी काही वर्षं ती व्यावसायिक टेनिस खेळली. मोठ्या स्पर्धेत दुसऱ्या फेरीच्या पुढे कधी गेली नाही, हे पाहुण्यांना ती स्वतःच सांगून मोकळी होते. पण देशोदेशी हिंडली. मी, तिची नणंद, जवळच्या बजबजच्या पुढे कधी गेले नाही!

हे सगळं त्र्याहत्तरच्या जानेवारीतच बारगळलं असतं. गुरुदत्तदादाशी तिचं लग्न होऊन महिनाही झाला नव्हता. तेव्हा इथे चाललेल्या एका स्पर्धेची फायनल जिंकली तरच परदेश दौऱ्याला निवड होणार होती. नाहीतर रॅकेट माळ्यावर आणि वहिनी स्वयंपाकघरात. आईनं खेळायला परवानगी दिली ती एकाच अटीवर: संक्रांतीपर्यंत चुडा उतरवायचा नाही. इथे बंगालात शंखाच्या बांगड्या हव्या तेवढ्या मिळतात, पण आईनं हिरव्या काचेच्या थेट पुण्याहून मागवल्या आणि हौसेनं चांगल्या घट्ट भरल्या.

फायनलला आई नऊवारी नेसून पहिल्या रांगेत. तिसऱ्या सेटमध्ये मद्रासच्या मुलीनं तक्रार केली, की सर्व्हिसच्या वेळी बांगड्या वाजतात, लक्ष उडतं. पंचांनी सांगितलं, काढा, नाहीतर सामना तिचा. साबण लावून झाला, ओढून झालं. खेळून सुजलेल्या हातांतून एकही बांगडी निघेना. उरला एकच उपाय, आणि तो कुणी बोलेना. नव्या नवरीचा चुडा फोडायचा म्हणजे नवऱ्याच्या जिवावर, आणि हा नवरा आईचा एकुलता मुलगा.

"राहू द्या, आई. मी सामना सोडते," वहिनी म्हणाली.

आई खाली उतरली. "गप्प बस. हात ठेव इथे."

तिनं वहिनीचा हात टॉवेलात गुंडाळून बाकावर ठेवला, रॅकेटचा दांडा उचलला आणि बांगड्या फोडल्या. मग दुसऱ्या हातातल्या. "जा, खेळ आता."

तोवर मी आईला मनातल्या मनात जुनाट म्हणत होते. तेव्हापासून तिच्याशी भांडताना जरा जपूनच भांडते.

वहिनी जिंकली. मी बेभान नाचले. आई मात्र तडक घरी आली आणि देवापुढे बसली. चहा नाही, पाणी नाही. दादा हावड्याच्या कारखान्यात कामावर गेला होता आणि त्या दिवशी नेमका त्याला उशीर झाला.

दिवेलागणीला दादा आला. चपला काढता काढता त्यानं विचारलं, "काय गं आई, जिंकली का ती?"

आईनं त्याच्या तोंडावरून, खांद्यांवरून हात फिरवला. "जिंकली रे," ती म्हणाली आणि त्याला धरून ढसाढसा रडायला लागली.