श्रुतीने ॲडमिशनच्या टेबलावर विचारलेलं

मंडळी, आज सकाळी कात्रपच्या घरून निघालो ते लेकीची, श्रुतीची, ॲडमिशन पक्की करायलाच. खासगी इंजिनीअरिंग कॉलेज, चकाचक बिल्डिंग. मी तर मनातून होकार देऊन बसले होते.

तिथल्या मॅडम म्हणाल्या, "नोकरीची काळजीच नको."

श्रुतीने शांतपणे विचारलं, "मला केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये काम करायचंय. इथून तसं कोण लागलंय? सुरुवातीला पगार किती मिळाला? त्यांच्याशी बोलता येईल?"

मॅडमनी नुसतं माहितीपत्रक पुढे केलं. नाव एकही सांगितलं नाही.

बाहेर येऊन श्रुतीने माझ्या मावसबहिणीला फोन लावला. ती अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कंपनीची लॅब सांभाळते. ती म्हणाली, "अगं, आमच्याकडे लॅबला बहुतेक बीएस्सी केमिस्ट्रीवालेच आहेत. पगार आधी बेताचा, मग अनुभवाने वाढतो."

आम्ही थेट उल्हासनगरला गेलो आणि तिथल्या कॉलेजात बीएस्सीचा फॉर्म भरला. फी आमच्या आवाक्यातली.

"आई, इंजिनीअर होणार नाही म्हणून वाईट वाटतंय?"

"सकाळी वाटलं असतं," मी म्हटलं. "आता नाही."

खरंच नाही वाटत. तुम्ही कॉलेज निवडताना कुणाला, काय विचारलं होतं?