पुन्हा विचारलेला प्रश्न

आमच्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या एका निवृत्त न्यायाधीशांचं माझ्यावर सर्वांत मोठं ऋण आहे. माझ्याआधी आमच्या घरात कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं. साहेबांची नजर अधू झाली होती, म्हणून मी संध्याकाळी त्यांना इंग्रजी पुस्तकं वाचून दाखवायचो. चुकलेला उच्चार ते न रागावता दुरुस्त करत. माझं इंग्रजी तिथेच तयार झालं. कायद्याची पदवीही त्यांच्यामुळेच मिळाली.

त्यांचं आवडतं पुस्तक म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या एका अमेरिकन फेडरल न्यायाधीशाचं चरित्र. हा खाणकामगाराचा मुलगा. एका वकिलाच्या कचेरीत झाडलोट करत कायदा शिकला, रेल्वे कंपनीचा वकील झाला आणि पुढे राष्ट्राध्यक्षांनी त्याला तहहयात न्यायाधीश नेमलं. परदेशातून आलेले मजूर त्याच्या कोर्टात साक्षीला उभे राहिले की कंपनीच्या वकिलाच्या प्रत्येक प्रश्नाला घाबरून हो म्हणत. मग तो कामकाज थांबवी आणि तोच प्रश्न स्वतः, वेगळ्या तऱ्हेने विचारी. कंपनीतले जुने मित्र त्याला जेवायला बोलावेनासे झाले. हे पान साहेब मला पुन्हा पुन्हा वाचायला लावत.

अलीकडेच ते इथे कुवेतमध्ये आठवलं. मी ज्या कंपनीच्या ऑफिसात नोकरी करतो, तिचं वफ्राला शेत आहे. तिथे ग्रीनहाउसचा लोखंडी सांगाडा कोसळून आमच्या कोकणातल्या एका कामगाराचा हात मोडला. कंपनीचं म्हणणं, तो त्या दिवशी सुट्टीवर होता. तसं ठरलं तर भरपाई नाही. कामगार खात्याच्या चौकशीला, मला अरबी येते म्हणून, दुभाषा म्हणून मला नेलं. माझाही अकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, याच कंपनीचा, आणि तो नव्याने करायची वेळ आलेली. तो झाला नाही तर अब्बासियातलं घर, मुलीची शाळा, सगळंच गुंडाळावं लागणार होतं.

गाडीत मॅनेजर म्हणाले, “वकीलसाहेब, तो बोलेल तेवढंच सांगा. जास्त शहाणपण नको.”

अधिकाऱ्याने विचारलं, त्या दिवशी याला सुट्टी होती का? मी ते मराठीत सांगितलं. गळ्यात हात अडकवलेला तो माणूस खुर्चीतून अर्धवट उठला.

“होय साहेब.”

आमच्याकडे अधिकाराच्या खुर्चीतल्या माणसाला आधी होय म्हणायचं असतं, खरं काय ते मागाहून हळूच सांगायचं. पोस्टात कामाला गेले की माझे वडीलही साहेबाशी असंच बोलत. मी नुसतं हो सांगितलं असतं तरी भाषांतरात कोणाला चूक सापडली नसती. मॅनेजर मोबाइल बघत होते. मी अधिकाऱ्याला अरबीत विनंती केली की हा गोंधळलाय, जरा वेगळ्या तऱ्हेने विचारा. मॅनेजरनी मोबाइल खाली ठेवला.

मग प्रश्न आला, त्या सकाळी तू कुठे होतास?

“वर, सांगाड्यावर. मुकादमानं चढवलं होतं.”

मी शब्दन्‌शब्द सांगितला. त्याच आठवड्यात मी साहेबांना पत्र पाठवलं.

“साहेब, नमस्कार. त्या कामगाराला भरपाई मिळेल असं दिसतंय. माझा अकामा मात्र अजून अडकलेला आहे. मॅनेजर हल्ली मला वकीलसाहेब म्हणत नाहीत. ऑफिसचा फोन आला की छातीत धस्स होतं. बायकोला अजून काही सांगितलेलं नाही. तुमचं ते पान मला पाठ आहे, पण एक गोष्ट त्यात सापडत नाही. त्या न्यायाधीशाला तर कोणी सहजासहजी काढू शकत नव्हतं. तरी त्याला भीती वाटायची का? पुस्तक तुमच्याकडे आहे. कोणाकडून तरी वाचून घ्या आणि मला लवकर कळवा.”