सकाळी नऊचा पंखा

जावईबापूंनी पुण्याहून पाठवलेली स्मार्ट डबी तशी फुकटच आली... मला मात्र ती एक कंडेन्सर, दोन बेअरिंग, एक सकाळ बंद राहिलेलं दुकान आणि सौ.चा दीड दिवसाचा अबोला, एवढ्याला पडली.

लेक बाळंतपणाला आमच्याकडे, धामणगाव बढ्याला आलेली. नात बावीस दिवसांची. खोली तापली की पंखा आपोआप लागावा, गार झाली की थांबावा, म्हणून ही डबी... थर्मोस्टॅट म्हणतात तिला. फोनवर सांगितलं तशी भिंतीवर खाली, बाळाच्या उंचीला मीच बसवली. बटन बंद केलं तर वायफाय तुटतं, म्हणून बटनावर चिकटपट्टीही मारली.

दुपारी बरोबर चाले, संध्याकाळी बरोबर थांबे. पण सकाळी नऊ वाजले की पंखा एकदम फुल... बाहेर चांगला गारवा असताना. आणि नेमकी तीच बाळ-बाळंतिणीच्या शेकाची वेळ.

आता मी पडलो मोटर वाइंडिंगवाला. दुसऱ्याच्या दुकानात झाडू मारत शिकलो, आज स्वतःचं दुकान आहे. रस्त्याने जाता जाता विहिरीवरची मोटर नुसती ऐकून तिचं काय गेलं ते सांगतो, पंचक्रोशीत कोणालाही विचारा.

पण इथं काही कळेना. डोकं चालेना म्हणून हात चालवले... आधी कंडेन्सर बदलला, मग बेअरिंग. दुसऱ्या दिवशी नऊला पंखा पुन्हा सुरू.

तिसऱ्या दिवशी पंख्याच्या वाऱ्याने शेकाच्या शेगडीतला निखारा उडाला आणि दुपट्यावर पडला. बाळापासून वीतभर लांब. शेक द्यायला येणाऱ्या गुंफाबाईंनी तो हातानेच झटकला, बोट भाजलं त्यांचं.

सौ. एवढंच म्हणाली, "जगाच्या मोटरी तुमचं आयकतात, अन् घरचा पंखा आयकत नाही. लेकराले काही झालं असतं म्हंजे?" मग अबोला.

चौथ्या सकाळी दुकान उघडलंच नाही. शेकाच्या वेळी पुरुषमाणसाने आत जायचं नाही, म्हणून दाराला कान लावून बसलो. पाण्याचा आवाज, नातीचं रडणं, ओव्याच्या धुरीचा वास... आणि पंखा सुरू. आवाज अगदी स्वच्छ. मोटरीत काही खोट नव्हती. मी पार गोंधळलो.

आतून गुंफाबाईंनी विचारलं, "भाऊ, त्या डबीले समजते तरी काय?"

खोलीची गरमी समजते, म्हटलं.

"मंग शेगडी तिच्याच खाली असते ना रोज. भिंतीले लावून ठेवा लागते, लेकराचा पाय लागू नाही म्हणून."

मी धरून चाललो होतो की शेगडी खोलीच्या मधोमध असणार. बाहेर बसून कानाने हे कसं कळावं... आणि आत कोणाला विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

त्यांनी शेगडी समोरच्या भिंतीला नेली. थोड्या वेळाने पंखा थांबला. राख उडायची थांबली तशी नातही रडायची थांबली, आणि दाराबाहेर माझ्या डोळ्यांत पाणी आलं... धुरीमुळे नव्हे.

गुंफाबाईंचे उपकार कसे फेडायचे कळत नाही. चिकटपट्टी काढून टाकली आहे. आता शेकाच्या आधी बटन त्याच बंद करतात, निघताना त्याच लावतात. तोवर पंख्याला हात लावायची मला परवानगी नाही.